आंब्याच्या बिअरमधला आंबा नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न जालन्याहून आला आहे. थोडक्यात असा: पुण्याहून येताना आंब्याच्या स्वादाच्या गव्हाच्या बिअरचे चार कॅन आणले, दोन उघडले. बिअर गढूळ, तळाशी गाळ, गोडवा अजिबात नाही, उलट किंचित आंबट, आणि वास चक्क लवंगेचा. मेहुणे म्हणाले, बिघडलीय, बर्फ टाका आणि संपवून टाका. ही खरंच बिघडली होती का? हिच्यात खरा आंबा असतो का? आणि अशी बिअर चाखायची तरी कशी?

आधी सरळ उत्तर देतो. तुमची बिअर बहुधा अगदी ठणठणीत होती. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी या बिअरच्या जातीतच आहेत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी २६ वर्षं गेली. त्यातली निम्मी वर्षं मी चाखणाऱ्यांचं पॅनेल सांभाळलं. नव्याने पॅनेलवर आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी फळाच्या बिअरमध्ये फळाचा गोडवा शोधायचा आणि तो सापडला नाही की तोंड वाकडं करायचा. तेव्हा सुरुवात त्या गोडव्यापासूनच करू.

यीस्ट म्हणजे खमीर, आणि खमिराचं अन्न साखर. पिकलेल्या केशर आंब्याच्या गरात साधारण १५ टक्के साखर धरा. लिटरभर बिअरला १५० ग्रॅम गर घातला तर त्यातून सुमारे २२ ग्रॅम साखर गेली, म्हणजे साडेचार-पाच चमचे. खमीर ही साखर जवळजवळ पूर्ण खातं. वजनाने पाहिलं तर तिचा साधारण अर्धा भाग अल्कोहोल होतो आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. मागे राहतं ते आंब्यातलं आम्ल, थोडा रंग, आणि वास. तोही सगळा राहत नाही, कारण आंबवण जोरात असताना निघणारा वायू सुवास बरोबर घेऊन जातो. म्हणून जाणते लोक फळाचा गर पहिल्या दिवशी घालत नाहीत. मुख्य आंबवण शांत झाल्यावर घालतात.

याचा अर्थ असा की फळाच्या बिअरमध्ये फळ असतं, पण साखर काढून घेतलेलं. साखर गेली की फळाचं जे रूप उरतं, ते आपण एरवी कधी चाखलेलंच नसतं. म्हणून ओळख पटत नाही.

हे घरी करून पाहता येतं. डोळे मिटा, नाक चिमटीत घट्ट धरा आणि केशरची एक फोड तोंडात टाकून चावा. गोड लागेल, जरा आंबट लागेल, मऊ लागेल. पण आंबा आहे की पपई, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आता चिमटी सोडा. त्या क्षणी घशाच्या मागून नाकात आंबा चढतो. जीभ गोड, आंबट, खारट, कडू असलं मोजकंच सांगते, आंबा सांगतं ते नाक. पॅनेलवरच्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो. बिअर दुसऱ्या दिवशी.

आता गव्हाकडे येऊ, कारण या बिअरचा पाया गहू आहे, आंबा नव्हे. जर्मनीत जिला हेफेवाइझन म्हणतात तिच्यात निम्म्याहून कमी गहू चालत नाही, आणि तोही मोड आणून वाळवलेला, म्हणजे माल्ट केलेला. उरलेला भाग बार्लीच्या माल्टचा. नावातच सगळं आलं: हेफे म्हणजे खमीर, वाइझन म्हणजे गहू. ही बिअर मुद्दाम गाळत नाहीत. गव्हात प्रथिनं भरपूर, ती आणि तरंगतं खमीर मिळून बिअर दुधाळ, गढूळ दिसते. याच प्रथिनांमुळे फेसही दाट येतो आणि टिकतो. तळाचा गाळ म्हणजे खाली बसलेलं खमीर. त्यात बिघडण्यासारखं काही नाही. गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे कारखान्यात गव्हाचा लगदा गाळताना चाळणीवर चिकट थर बसून प्रवाह तुंबतो. त्यासाठी आम्ही भाताचं तूस मिसळायचो. पहिल्यांदा गहू लावला तेव्हा दोन तासांचं काम सहा तास चाललं होतं.

लवंगेचा वास कुठून आला? गव्हाच्या आणि बार्लीच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. गव्हाच्या बिअरसाठी वापरतात त्या जातीचं खमीर या आम्लापासून एक सुगंधी द्रव्य बनवतं, आणि आपल्या नाकाला ते लवंगेसारखं लागतं. कोणी लवंग घातलेली नसते. हेच खमीर पिकलेल्या केळ्याच्या वासाचं द्रव्यही बनवतं, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट त्याचं नाव. अर्धापूरच्या केळ्याचा घड पिकायला लागला की खोलीभर जो वास सुटतो, त्यातही मोठा वाटा याच द्रव्याचा. म्हणजे एखाद्याला तुमच्या आंब्याच्या बिअरमध्ये केळं लागलं, तर तो चुकीचं बोलत नाही. ते केळं खमिराचं, आंबा फळाचा. हे दोन वेगळे काढता आले की चाखण्याचं अर्धं काम झालं.

गव्हाची स्वतःची चव मात्र या दोहोंच्या खाली दबून असते, आणि ती ओळखायला आपल्याकडच्या माणसाला कुठल्या शाळेत जायची गरज नाही. उन्हाळ्यात माय कुरडयांसाठी गहू भिजत घालायची. रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवसापर्यंत पातेल्यावरचं झाकण काढलं की गोडसर, ओला, जरासा आंबूस वास यायचा. मग गहू वाटून, गाळून चीक निघायचा आणि तो शिजताना आम्ही पोरं वाट्या घेऊन चुलीभोवती बसायचो. शिजलेल्या गरम चिकाचा पहिला घास आठवा: मऊ, जिभेवर साय धरल्यासारखा, गोड नाही पण गोडाच्या जवळ, आणि शेवटी बारीक आंबूसपणा. गव्हाची चांगली बिअर थंड घोटातही तीच आठवण देते. वर्षानुवर्षं मी अहवालांत 'धान्याचा स्वाद, सौम्य' असं लिहीत आलो, पण मनात दरवेळी चिकाचीच वाटी असायची.

म्हणून चाखताना क्रम असा ठेवा: आधी गहू, मग खमीर, शेवटी फळ. तोंडातही ते एकापाठोपाठ एक भेटतात. फळ आधी शोधायला गेलात तर फळच कमी पडल्यासारखं वाटतं.

आता प्रत्यक्ष चाखणं. ग्लास काचेचा, उंच, शक्य असेल तर मधे बारीक आणि वर रुंद. स्टीलचा पेला नको, रंग आणि फेस दिसायला हवा. ग्लास धुण्याकडे फार दुर्लक्ष होतं. आपल्या घरी सगळी भांडी एकाच घासणीने घासली जातात आणि घासणीत तेलाचा अंश राहतो. तेवढ्यानेही फेस मरतो. ओतल्यावर ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर समजा, ग्लास तेलकट आहे. नव्या घासणीने घासा, भरपूर पाण्याने विसळा, पालथा घालून वाळवा, फडक्याने पुसू नका. ओतण्याआधी गार पाण्याने एकदा ओला करा.

कॅन फ्रिजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. फ्रिजमधल्या चार अंशांना नाकाला काहीच मिळत नाही. सहा ते आठ अंशांना ही बिअर बोलायला लागते, दहा-बाराला फळ पूर्ण उघडतं. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना हे आपोआप घडतं. तेव्हा एकच ग्लास घेऊन बसा आणि पंधरा-वीस मिनिटांत तो कसा बदलत जातो ते पाहा. माझ्या मते या बिअरची खरी मजा या बदलात आहे, पहिल्या गार घोटात नाही.

ग्लास तिरका धरून तीन चतुर्थांश बिअर हळू ओता. उरलेली कॅनमध्ये गोल फिरवा, म्हणजे तळाचं खमीर सुटेल, आणि मग ती फेसावर ओता. तुम्ही बहुधा वरची नितळ बिअर आधी प्यायलात आणि गाळ शेवटी एकदम तोंडात आला. तो पिठूळ, कडसर लागला असणार. मिसळून ओतला की तोच गाळ बिअरला भरीव करतो. पोट नाजूक असेल तर गाळ तळाशीच राहू द्या, त्याने काही चुकत नाही.

पहिला वास फेस ताजा असताना, चटकन, दोन-तीन छोटे श्वास. लांब श्वास ओढलात की नाक लगेच थकतं. थकलंच तर स्वतःच्या मनगटाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्या आणि पुन्हा या. मग घोट, साधारण एक मोठा चमचाभर. जिभेवर पसरू द्या, दोन सेकंद थांबा, गिळा, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. आंबा तिथे सापडेल, त्या बाहेर जाणाऱ्या श्वासात. वाइन चाखणारे पुष्कळदा थुंकून देतात. बिअरमध्ये शेवटचा कडवटपणा घशाशी कळतो, म्हणून थोडी गिळावी लागते. त्यामुळे नमुने कमी आणि घोट लहान. आम्ही सकाळी जेवणाआधी बसायचो, एका बैठकीत सहाच्या वर नमुने कधी घेतले नाहीत, आणि मधे साधं पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. त्या दिवशी अत्तर नाही, तंबाखू नाही, विडा नाही. जर्दा खाणाऱ्या माणसाला पॅनेलवर घ्यायचं नाही हा माझा नियम होता आणि त्यावरून मी चांगले मित्र नाराज केलेत.

दोन बिअरमधला फरक खरंच कळतो की मनाचा खेळ आहे, हे तपासायचं असेल तर तीन ग्लास घ्या. दोघांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि कुठल्या ग्लासात काय आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरीच माहीत असू द्या. वेगळा ग्लास ओळखायचा, एवढंच. अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून पाच-सहा वेळा करा. पॅनेलची निवड आम्ही अशीच करायचो आणि आत्मविश्वासाने बोलणारे पुष्कळ जण इथेच गळायचे.

फळाफळाचं मात्र वेगवेगळं आहे, आणि आपल्या भागातली फळं घेऊन बोलायला मला मनापासून आवडतं. मराठवाड्याचा केशर, जालन्याची मोसंबी आणि बीडचं सीताफळ, तिघांनाही भौगोलिक मानांकन आहे.

केशरमधली साखर गेली की उरतो तो देठाजवळचा आंबा. आंबा उतरवताना देठाच्या चिकाचा जो राळेसारखा तिखट वास बोटांना लागतो, त्याची सौम्य छटा, त्याखाली सालीचा वास, आणि अगदी मागे आढीतल्या पिकलेल्या फळाचा गोड दरवळ. तुम्हाला आंबा सापडला नाही, कारण तुम्ही आमरसाची वाटी शोधत होतात. पुढच्या कॅनमध्ये आढीतल्या पेंढ्याचा वास शोधा.

मोसंबीने मला मोठा धडा दिला. २०१५ साली आम्ही ५० लिटरच्या छोट्या टाकीत मोसंबीची गव्हाची बिअर लावली. फळ जालन्याच्या बाजारातून उत्तम आणलं होतं, रस मी स्वतः चाखला, मधासारखा होता, आणि तेवढ्यावर मी सही केली. दहा दिवसांनी टाकीतला नमुना काढला तर कडू, आणि तो कडवटपणा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करण्यासाठी घालतात त्या फुलांचा, नव्हता. जिभेच्या मागे चिकटून बसणारा, पाणी पिऊनही न जाणारा. अखंड मोसंबीत एक द्रव्य बिनकडू रूपात असतं. फळ पिळलं की रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते अत्यंत कडू असतं. मोसंबीच्या रसाची गाडी लावणारा प्रत्येक जण सांगतो, लगेच प्या, ठेवलात तर कडू होईल. हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण प्रयोगशाळेत बसून त्याची सांगड घातली नव्हती. ते ५० लिटर आम्ही ओतून दिले. पुढच्याच उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापायला लावलं. ती टाकी तेव्हा मला फार आठवली.

पुढच्या खेपेला रस नाहीच, फक्त साल घेतली. किसणीने वरचा रंगीत पापुद्रा तेवढा काढला, पांढरा भाग अजिबात येऊ दिला नाही. बिअर सुरेख झाली. बेल्जियममध्ये हे शतकानुशतकं करतात: मोड न आणलेला गहू, संत्र्याची वाळलेली साल आणि धने. त्या जातीला विटबिअर म्हणतात. हूगार्डन या गावात ती बनवणारा शेवटचा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला होता. पुढे १९६० च्या दशकात पिअर सेलिस नावाच्या माणसाने, जो त्याआधी दूधवाला होता, ती पुन्हा सुरू केली. धने आणि मोसंबीची साल या दोन्ही वस्तू आपल्याकडे घरोघरी असतात. अशी बिअर मिळाली तर चाखण्याआधी दोन धने चिमटीत चुरडून हुंगा आणि मग ग्लास नाकाशी न्या. धने लगेच हाताला लागतील.

सीताफळ सगळ्यांत हट्टी. इतर फळांचा गर तापवून जंतुविरहित करतात. सीताफळाचा गर तापवला की त्याला कडसरपणा येतो आणि तो गुलाबी पडतो. म्हणून चांगली सीताफळाची बिअर दुर्मीळ, आणि बाजारात त्या नावाने जे मिळतं त्यात बहुतेक वेळा स्वादद्रव्यच असणार असं मी धरून चालतो. जांभूळ उलट सोपं. रंग सुंदर येतो, कारण आंबट बिअरमध्ये जांभळाचा रंग लालीकडे झुकतो. पण जांभळाचा तुरटपणा गव्हाच्या प्रथिनांना पकडतो आणि दोघं मिळून खाली बसतात, त्यामुळे गाळ जास्त दिसतो. जांभळाच्या बिअरमध्ये फळ ओठांच्या आतल्या बाजूला शोधा. तिथे जरा ओढल्यासारखं झालं पाहिजे, जीभ जड व्हायला नको.

खरं फळ की नुसता स्वाद? कॅनवरची बारीक अक्षरं आधी वाचा. घटकांत फळाचा गर किंवा रस लिहिला आहे का, स्वाद नैसर्गिक की कृत्रिम, हे तिथे छापलेलं असतं. पुढचं नाकाचं काम. स्वादद्रव्य पहिल्या वासाला जोरात येतं आणि पंधरा मिनिटांनी जवळजवळ तसंच असतं, एका सुरात. खऱ्या गराचा वास सुरुवातीला लाजतो, बिअर कोमट होत गेली की एकेक पदर काढतो, साल, चीक, गर, कधी कोयीजवळचा रेशा. ही कसोटी शंभर टक्के नाही, मीही तिच्यावर एकदा-दोनदा फसलोय, पण दहात आठ वेळा चालते. आणि बिअर बाटलीबंद आंब्याच्या पेयासारखी गोड लागली, तर साखर किंवा रस खमीर काढल्यानंतर किंवा निकामी केल्यानंतर घातला आहे, एवढं नक्की. ती फसवणूक नव्हे. बर्लिनच्या आंबट गव्हाच्या बिअरमध्ये तर ग्लासातच रास्पबेरीचं सरबत घालून देतात. फक्त ती वेगळी गोष्ट आहे, हे माहीत असलं म्हणजे झालं.

आता खरोखर बिघडलेली कशी ओळखायची. लवंग चालेल, दवाखाना नको. जखमेच्या पट्टीसारखा किंवा जंतुनाशकासारखा वास आला तर पाण्यातल्या क्लोरीनचा घोळ आहे. आंबूसपणा चालेल, व्हिनेगरसारखा नाकात झोंबणारा नको. या बिअरमध्ये लोण्याचा वास नको, उकडलेल्या मक्याच्या कणसाचा नको. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी झाली, हवा लागली. आणि कॅन फुगलेला असेल तर उघडूच नका. त्यात फळाची उरलेली साखर पुन्हा आंबत असते. याच कारणाने घरी बाटल्या भरून प्रयोग करू नका. बाटली फुटून डोळ्याला इजा होते आणि परवान्याशिवाय तो गुन्हाही आहे.

तुमच्या बिअरला धोका होता तो वेगळाच: गाडीच्या डिक्कीचा. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे. ३२ अंशांत तीन दिवस, २२ अंशांत तीस दिवस आणि ३ अंशांत तीनशे दिवस, बिअरचं वय सारखंच वाढतं. पुण्याहून जालन्यापर्यंत उन्हाळ्यात बंद डिक्कीत कॅन किती तापतात, ते तुम्हीच पाहिलं असेल. त्यात सगळ्यांत आधी मरतो तो फळाचा वास. लवंग टिकते, गहू टिकतो, आंबा जातो. तुम्हाला आंबा न सापडण्यामागे हेही कारण असू शकतं, म्हणून पुढच्या वेळी बर्फाच्या पेटीतून आणा. विकत घेताना छापलेली उत्पादनाची तारीख पाहा. फळाची गव्हाची बिअर मी तीन महिन्यांच्या पुढची घेत नाही, छापील मुदत काहीही असो. बाटली घेणार असाल तर तपकिरी काचेची. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो आणि हॉप्सला उग्र दर्प येतो. पुण्या-मुंबईला गेलात तर जागीच बिअर बनवणाऱ्या ठिकाणी ताजी चाखा. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं, तेव्हापासून ही सोय महाराष्ट्रात आहे. ताज्या ग्लासाची आठवण जवळ असली की कॅनमधलं काय हरवलं ते लगेच कळतं.

बर्फाबद्दल मेहुण्यांना माझा निरोप द्या: नको. बर्फाने बिअर पातळ होते, वायू एकदम निघून जातो आणि जीभ बधिर होते. लिंबाची फोडही नको, तिच्यातलं तेल आणि आम्ल फेस मोडतं. चाखताना तिखट शेव आणि मसाला शेंगदाणे बाजूला ठेवा, कारण मिरचीची आग आणि बिअरमधला वायू दोन्ही तोंडात एकाच पद्धतीने चुरचुरतात आणि मग बाकी काही कळत नाही. चाखून झालं की मात्र जेवणाबरोबर घ्या. ही बिअर फार कडू नसते, त्यामुळे आपल्या काळ्या मसाल्याशी तिचं जमतं. संभाजीनगरच्या नान-खलियाबरोबर लवंगेची गव्हाची बिअर मी अनेकदा घेतलीय आणि खलियातली लवंग आणि ग्लासातली लवंग एकमेकींना ओळखतात असंच वाटत आलंय. हुरड्याच्या दिवसांत शेतावर, कोवळ्या ज्वारीबरोबर, साधी बिनफळाची गव्हाची बिअर जास्त बरी. हुरड्याच्या गोडीपुढे आंबा उगाच मधे येतो.

तुमच्याकडे अजून दोन कॅन आहेत. ते फ्रिजच्या दारात ठेवू नका, सारखं उघड-बंद होऊन तिथलं तापमान हलत राहतं. आत मागच्या बाजूला उभे ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. या आठवड्यात एक उघडा, मेहुण्यांना बरोबर घ्या, नाक दाबण्याचा प्रयोग आधी केशरवर करा आणि मग बिअरवर. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, तीन वास लिहा. घरगुती शब्दांत लिहा: पेंढा, चीक, लवंग, ओली कणीक, जे येईल ते. मग कागद ताडून पाहा आणि दोघांच्याही कागदावर आलेला शब्द मला कळवा.